मी लिहिलेली जन्मतारीख

खडकीतल्या एका मराठी शाळेत मी अठ्ठावीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. नारायण पेठेतून रोज बसने जायचे. जूनमध्ये नवीन मुलांची नावं जनरल रजिस्टरात लिहायचं काम माझ्याकडे असे, कारण माझं अक्षर चांगलं होतं. निदान मुख्याध्यापक तसं म्हणायचे.

अशाच एका जूनमध्ये एक बाई मुलाला घेऊन आल्या. दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये त्या चार घरची धुणीभांडी करायच्या. मुलाचा जन्मदाखला नव्हता.

"कधी झाला हा?" मी विचारलं.

"दिवाळी झाल्यावर. थंडी लई होती."

मी बोटांवर मोजलं. सहा वर्षं पूर्ण व्हायला पाच महिने कमी पडत होते. मी म्हटलं, पुढच्या वर्षी आणा. त्या उठेचनात. "दिवसभर एकटा ऱ्हातो हो बाई. रुळाकडं जातो." मुलगा माझ्या टेबलावरच्या खडूंकडे बघत होता. मी रजिस्टर ओढलं आणि जन्मतारखेच्या रकान्यात एक जून लिहून त्याची सहा वर्षं पूर्ण केली. त्या काळात दाखला नसलेल्या निम्म्या मुलांचा जन्म एक जूनचा असायचा. त्यात काही पाप आहे असं कुणालाच वाटत नसे, मलाही वाटलं नाही.

दहा वर्षांनी, ऑगस्टमधल्या एका दुपारी, त्या मुलाने खडकी स्टेशनजवळ एका तरुणाला भोसकून मारलं. सोबत वयाने मोठे दोघे होते. तिघांनी त्या तरुणाची बॅग ओढली, त्याने सोडली नाही. चाकू या मुलाच्या हातात होता. तरुण विदर्भातून आलेला, बुधवार पेठेजवळ खोली करून राहणारा, नव्याने निघालेल्या एका कॉम्प्युटर कंपनीत सहा महिन्यांपूर्वी लागलेला. बॅगेत जेवणाचा डबा आणि फ्लॉप्या निघाल्या. पेपरात फोटो आला तेव्हा मी मुलाला ओळखलं नाही. नाव वाचून ओळखलं.

तेव्हाच्या कायद्यात मुलगा सोळाच्या आतला असेल तरच बालगुन्हेगार. मग सुधारगृहात काही वर्षं आणि सुटका. सोळा पूर्ण झाली असतील तर खटला मोठ्यांच्या कोर्टात आणि शिक्षा जन्मठेपेची. डॉक्टरांनी हाडं आणि दात तपासून पंधरा ते सतरा असं लिहून दिलं. म्हणजे शाळेचं रजिस्टर काय म्हणतं त्यावर सगळं आलं. रजिस्टराप्रमाणे तो सोळा वर्षं दोन महिन्यांचा होता. आईच्या सांगण्याप्रमाणे पंधरा वर्षं नऊ महिन्यांचा.

मला समन्स आलं. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "बाई, रजिस्टरात आहे ते सांगायचं. एक तारीख खोटी म्हणालात तर उद्या सगळं रजिस्टर खोटं ठरेल."

साक्षीच्या दिवशी मी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. पांढरा सदरा, पायात नवे बूट. त्यांना ते चावत असावेत, एक पाय अर्धा बाहेर काढलेला. त्यांनी विचारलं, "तुम्ही बी साक्षीला आल्या का जी?" मी हो म्हटलं. कुणाच्या बाजूने ते त्यांनी विचारलं नाही.

मग म्हणाले, "मायं पोरगं होतं थे."

ते आपणहून सांगत राहिले. मुलगा लहानपणी रेडिओ उघडून बसायचा. पहिल्या पगारात त्याने हे बूट पाठवले. "बॅग सोडली असती तर जगला असता ना जी. काहून नसन सोडली?" आणि ते खरंच उत्तराची वाट बघत माझ्याकडे पाहत राहिले.

तेवढ्यात माझा पुकारा झाला.

सरकारी वकिलांनी रजिस्टर पुढे केलं. अक्षर तुमचं का? हो. मग मुलाचे वकील उठले. तरुण होते, नवखे. त्यांनी विचारलं, "बाई, ही तारीख कशाच्या आधारावर लिहिलीत?"

मुलगा समोर उभा होता. उंच झाला होता. त्याची आई मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं असणार, बाई आता सांगतील. दाराशी ते गृहस्थ येऊन उभे राहिले होते.

मी म्हटलं, "पालकांनी सांगितल्यावरून."

रजिस्टरात तसंच छापलेलं असतं. वकिलांनी आणखी काही विचारलं नाही. मुलाच्या आईचा आवाज मागून आला, "दिवाळीनंतर सांगितलं होतं मी," आणि शिपायाने तिला गप्प केलं.

मी शाळेसाठी खोटं बोलले की त्या बापासाठी, हे मला आजही ठरवता येत नाही. घाबरून बोलले, एवढं नक्की. मुलाला जन्मठेप झाली.

पुढची वर्षं मी पहिलीलाच शिकवत होते. रजिस्टर लिहायचं काम मी सोडलं, डोळ्यांचं कारण सांगून. मुलांना वाचायला शिकवताना मध्येच तो एक पाय बुटातून काढलेला माणूस दिसायचा आणि पुढचं अक्षर सुचायचं नाही. मुलं म्हणायची, "बाई, पुढे?"

दरम्यान कायदा बदलला. वयाची मर्यादा अठरा झाली, आणि काही वर्षांनी जुन्या कैद्यांनाही ती लागू झाली. मी निवृत्त होऊन घरी होते. एक वकीलबाई शाळेतून माझा पत्ता काढून आल्या. तुरुंगातल्या त्या मुलाची सुटका करायच्या खटपटीत त्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता त्याची गरज नाही, बाई. जून धरा नाही तर नोव्हेंबर, तो अठराच्या आतच बसतो."

तो सुटला. अकरा वर्षं आत काढून.

मी त्याच्या घरी गेले. आई वारली होती. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः उभा राहिला, वर्गात राहायचा तसा. मी म्हटलं, "तुझी तारीख मी अंदाजाने लिहिली होती. कोर्टात मी सांगायला हवं होतं."

"आई म्हणायची," तो म्हणाला. "शेवटपर्यंत म्हणायची, बाईंना माहीत आहे."

"तुला राग नाही आला?"

त्याने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाला, "यायचा. पण चाकू मीच मारला ना बाई. जो गेला त्याला तर तारीख विचारली नव्हती कुणी." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "त्याचे वडील आहेत का?"

मला माहीत नव्हतं. त्यांचं गावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

तो आता कॉम्प्युटर कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे, असं कानावर आलं. हिंजवडीला पोरापोरींना नेतो, संध्याकाळी आणून सोडतो. आमच्या भागातूनही एक बस सुटते. सकाळी गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं तिथे रांगेत उभी असतात, पाठीवर बॅगा. भाजीला निघाले की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते. ड्रायव्हरच्या खिडकीकडे अजून एकदाही बघितलेलं नाही.