पांढरी पडलेली अंगठी

दाढेत चांदी भरणं म्हणजे घाईचं काम. चांदीची पूड नि पारा खलात घोटायचा, फडक्यात पिळून जादा पारा काढायचा आणि गोळा घट्ट व्हायच्या आत दाढेत दाबून बसवायचा. दाबायचं काम माझं, घोटायचं माझ्या धाकट्या बहिणीचं. घरी तोंडातून शब्द न काढणारी ही पोरगी दवाखान्यात पेशंटची फिरकी घ्यायची. "काका, आज या बाजूने चावायचं नाही. बोललात तर चालेल, पण काकूंना विचारून!"

आईने तिचं लग्न ठरवलं. मुलगा तिला मुळीच पसंत नव्हता. मी कडाकडा भांडले, तर आई म्हणाली, "स्वतः केलं नाहीस, आता तिचंही मोड!" होणाऱ्या सासूबाईंनी बोटात सोन्याची अंगठी चढवली नि विषय संपला.

पारा लागला की सोनं पांढरं पडतं. म्हणून खलाला हात लावण्याआधी अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हा आमचा नियम. एका दुपारी बघते तो काय, बाईसाहेब हातमोजा न घालता, अंगठीसकट गोळा पिळतायत!

"अगं ए, अंगठी!"

"असू दे गं ताई," ती हळूच म्हणाली. "अपशकुन म्हणतील, मोडतील लग्न."

मला हसूच फुटलं. वाटलं, सुटली पोर!

संध्याकाळी सासूबाई आल्या. अंगठी बघून त्यांचा चेहरा उतरला. "अगंबाई, हे कशाने झालं?"

आई घाबरून म्हणाली, "दवाखान्यातल्या पाऱ्याने हो. तिची काही चूक नाही."

"मग असल्या विषात पोरीला पाठवता कशाला?" सासूबाईंनी अगदी मायेने तिचा हात हातात घेतला. "अंगठी काय, दुसरी करू. पण उद्यापासून दवाखाना बंद. लग्नानंतरही नाही. आणि तारीख जरा अलीकडेच घेऊ."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! माझ्या अंगाची लाही लाही झाली. "माझा दवाखाना आहे तो," मी म्हटलं. आईने डोळे वटारले. माझ्याकडे बाकी कुणी बघितलंही नाही.

धाकटीने मान वर केली. "उद्या एका आजोबांची दाढ भरायची आहे. तेवढं करून येऊ?"

विचारलं मला नाही, सासूबाईंना.

"नको गं बाळा," त्या म्हणाल्या.

"बरं," ती म्हणाली.