वळणावरची हाक

दुसऱ्याचं दुःख ऐकून घेणं हा माझा व्यवसाय आहे. मी समुपदेशक. मोठ्या आघातातून गेलेली माणसं माझ्याकडे येतात, म्हणजे हल्ली लॅपटॉपच्या पडद्यावर येतात. मुठा गावात एका शेतकरी कुटुंबाच्या घरामागे माझी भाड्याची खोली आहे. तिथे बसून मी त्यांना सांगते, पाय जमिनीवर टेकवा, श्वास सावकाश सोडा, आता तुम्ही सुरक्षित आहात. माझा आवाज छान आहे असं सगळे म्हणतात.

पुण्यातल्या आमच्या घराला दोन वर्षं कुलूप होतं. मी सगळ्यांना सांगितलं होतं की शांतता हवी म्हणून इकडे आले. साफ खोटं. या खोलीपासून आठेक किलोमीटरवर, लवासाकडे चढणाऱ्या घाटात एक वळण आहे. मी त्या वळणासाठी आले होते आणि तिथे एकदाही गेले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा नवरा लवासाहून परतत होतो, गाडी मी चालवत होते. समोरून आलेल्या मोटारसायकलला चुकवताना गाडी दरडीवर आदळली. तो जागच्या जागी गेला. भाजीचा एक टेम्पो थांबला. मला रक्त फार जात होतं म्हणून टेम्पोवाल्यांनी मला उचलून आत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तो मागे राहिला, एका अनोळखी माणसाबरोबर. मी थांबा, थांबा म्हणत होते. त्यांचं काही चुकलं नाही. पण मी त्याला टाकून गेले, हे माझ्या डोक्यातून जाईना.

उपचार घेतले ना! पुण्यातल्या एका अनुभवी बाईंकडे दर आठवड्याला फोनवर. त्या मला डोळे मिटायला लावून त्या वळणावर न्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, ‘आता तिथून निघा. निघालात?’ मी म्हणायचे, ‘निघाले.’ दर वेळी. बरोबर उत्तर काय असतं ते मला ठाऊक होतं, मी तेच शिकवते. त्यांनी माझी प्रगती चांगली आहे असं सांगितलं आणि आमची सत्रं संपली. त्या दिवशी मी गादीवर पडून भिंतीकडे बघत राहिले. आपण फसवलं आणि ते कुणाला कळलंसुद्धा नाही, याच्याइतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

घरमालकीणबाई साठी ओलांडलेल्या, तोंडाने फटकळ. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला म्याडम. एकदा मी अंगणात उभी राहून घाटाकडे बघत होते, तर शेणाची पाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, “म्याडम, तुमी हितं न्हाई. तुमचा जीव तितं वर बसलाय. मानूस जितं भ्यालं तितनं त्याला बोलवून आणावं लागतंय.”

“मावशी, माझा नाही विश्वास असल्या गोष्टींवर,” मी जरा चिडूनच म्हणाले.

“तुमचा कशाला पायजे? हाक मी मारनार हाय.”

महिनाभर मी टाळलं. मग एका सोमवारी दुपारी त्या पानात दहीभात, एक नारळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन सरळ गाडीपाशी आल्या. माझ्या शेजारच्या सीटवर कायम माझी पिशवी असायची, तिथे कुणी बसू नये म्हणून. त्यांनी ती उचलून मांडीवर घेतली आणि बसल्या. मी गाडी सुरू केली.

वळण अगदी साधं निघालं. पांढऱ्या रंगाचा कठडा, कारवीची झुडपं. मावशींनी दरडीखाली दहीभात ठेवला, नारळ फोडला आणि हात जोडून त्या जागेलाच म्हणाल्या, “लेकीला सोड गं बाई.” मग मला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. तीनदा हाक मारणार, तीनदा ‘आले’ म्हणायचं, घर येईपर्यंत मागे बघायचं नाही. आणि त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. दोन वर्षांत मला कुणी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. तो मारायचा.

“चल घरी!”

“आले,” मी म्हणाले.

मावशींनी मान हलवली. मग म्हणाल्या, “न्हाई आलीस. नुसती तोंडानं बोललीस.”

मी रडायला लागले. “मी आले तर तो एकटा पडेल हो इथे,” मी म्हणाले. हे वाक्य मी कुणासमोर, स्वतःसमोरसुद्धा बोलले नव्हते.

“त्यो हितं न्हाई,” मावशी हळू आवाजात म्हणाल्या. “त्यो कवाच गेला. हितं तू एकटीच बसलीयास.”

खाली दरीत पाणी चमकत होतं. मी पुष्कळ वेळ तशीच उभी होते आणि त्यांनी मला घाई केली नाही. मग त्यांनी पहिल्यापासून तीन हाका मारल्या. शेवटच्या हाकेला माझा आवाज फाटला, पण ते ‘आले’ माझं होतं. घरी आल्यावर त्यांनी उंबऱ्याशी माझ्या पायांवर पाणी घातलं.

या सगळ्याला माझ्या शास्त्रात नावं आहेत, मी ती सांगू शकते. पण माझ्यासाठी कुणी त्या जागेपुढे हात जोडले होते, त्याला मी कुठलं नाव देऊ?

दिवाळीनंतर मी पुण्याला गेले. आमच्या घराचं कुलूप गंजलं होतं, ते उघडायला बराच वेळ लागला. आत धूळ, आणि दाराशी त्याच्या चपला. मी स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला, परत दाराबाहेर उभी राहिले आणि स्वतःच्या पायांवर पाणी घातलं. हाक मारणारं कुणी नव्हतं. तरी मी म्हटलं, “आले.”