ग्लुकोजचं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगतेय तर छाती धडधडतेय – आणि ती नुसत्या लाजेनं नाही, हेच तर सांगायचंय!

मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. एसएलसी५ए१ हा माझा सगळ्यात लाडका जीन. त्याच्यामुळे आतड्याच्या पेशीला एक दार मिळतं. त्या दारातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात, मागोमाग पाणी! जुलाब लागलेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी तारतं, ते यामुळेच. हे शिकवताना मी अजूनही फळ्यापुढे नाचायची बाकी असते.

आणि माझ्या दादाच्याच लेकीत ते दार बिघडलेलं असावं? दादा श्रीपूरला, साखर कारखान्यात. बाळ तेव्हा जेमतेम महिन्याचं. आईचं दूध – त्याच्या साखरेतही ग्लुकोज असतंच – पोटात गेलं की पाण्यासारखे जुलाब. साखर-मिठाच्या पाण्यानं तर आणखीच वाढायचे. सोलापूरच्या डॉक्टरांना शंका आली. अंगावरचं पाजणं बंद केलं, फळांतली साखर घातलेलं, ग्लुकोज नसलेलं डब्याचं दूध सुरू केलं – ती साखर वेगळ्या दारानं जाते – आणि जुलाब थांबले! वहिनी हसल्या. सगळे देवाचे आभार मानत होते. मी मात्र... जे आयुष्यभर फळ्यावर काढलं, ते माझ्या मांडीवर झोपलं होतं. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ होता. मला थांबवेना.

बाळ घरी आलं होतं. वहिनी आंघोळीला गेल्या. मी ग्लुकोजची पूड पाण्यात कालवली आणि ते पाणी बाळाला पाजलं – अर्धी वाटी. का? मला बघायचं होतं. बस.

संध्याकाळपर्यंत बाळाचे डोळे खोल गेले. पुन्हा सलाईन. हाताला शीर सापडेना म्हणून डोक्यात सुई. आणि मी काय केलं? मनातल्या मनात म्हटलं – बरोबर! माझं बरोबर निघालं! होय, आनंद झाला मला.

माझी आई वहिनींवर तुटून पडली, "चोरून अंगावर पाजलंस की गं!"

"देवाशपथ न्हाय ओ, आत्याबाई," वहिनी रडत होत्या. मी शेजारीच उभी होते.

पोरगी वाचली. आता सायकलवर शाळेला जाते, वर्गात पहिली येते. परवा वहिनी जुळे सोलापूर भागातल्या माझ्या घरी आल्या होत्या. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "वन्सं, मला आता वाटतंय, झोपंत मीच पाजलं आसंल तिला."

"जाऊ द्या वहिनी," मी म्हटलं, "चूक कुणाकडूनही होते."

त्यांनी माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.