राखीव किंमत एकवीस हजार सहाशे चाळीस

तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत आणि पाठ वळली की मिलिग्रॅम. काटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. किराणावाल्याचा, सोनाराचा, औषधवाल्याचा, कुणाचाही तराजू त्यांच्याकडे टाका, चार दिवसांत तो शहाण्यासारखा वागायला लागायचा. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची सात बाय नऊची जागा. गिऱ्हाईक आत शिरलं की मिलिग्रॅमना पोट आत ओढून घ्यावं लागे, आणि गिऱ्हाईक अंगानं भरलेलं असेल तर सगळी बोलणी दारातच उरकावी लागत.

माणूस लाखात एक, पण त्यांच्याबरोबर संसार करायचा म्हणजे सोपं काम नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे काकू, सांगायच्या, “लग्नानंतर पहिला चहा केला आणि विचारलं, कसा झालाय? तर म्हणाले, साखर अडीच चमचे आहे. चांगला झाला होता की वाईट, ते अजून कळलेलं नाही. छत्तीस वर्षं झाली.”

दुकानाच्या कोपऱ्यात, भिंतीत रुतवलेल्या दगडी फळीवर, काचेच्या पेटीत एक काटा होता. पितळी दांडी, केसाएवढ्या तारांना टांगलेली दोन पारडी, आणि दांडी ज्यावर झुलते ती अकीक दगडाची धार. मिलिग्रॅम ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे धंदा शिकले, त्यानं तो करायला घेतला आणि अर्धवट सोडून तो वारला. उरलेला अर्धा मिलिग्रॅमनी अकरा वर्षं खपून पुरा केला. कागदाचा कपटा त्यात तोलायचा, मग त्या कपट्यावर पेन्सिलीनं आपलं नाव लिहायचं आणि पुन्हा तोलायचा. नावाचं वजन दिसायचं! बघणारा माणूस थक्क व्हायचा, आणि मिलिग्रॅम असे लाजायचे, की जणू त्यांचंच कौतुक चाललंय.

पण बटणाचे काटे आले, आकडे आपोआप उमटायला लागले आणि दुरुस्तीची कामं महिन्याला दोन, मग दोन महिन्यांना एक अशी ओसरली. त्यातच घरमालकाची चिठ्ठी आली. जिना पाडून तिथे लिफ्ट बसवायची आहे, महिनाअखेर जागा मोकळी करा. बाकीचं सामान पोत्यात भरता आलं असतं. काट्याचं काय करायचं? त्याला न हलणारी जागा लागते. मिलिग्रॅमचं घर दोन खोल्यांचं, आणि वरच्या मजल्यावर कपडे धुण्याचं मशीन सुरू झालं की खाली कपबशा नाचायच्या.

“मला त्याचे पैसे नकोत,” मिलिग्रॅम म्हणाले. “त्याच्यावर कुणीतरी तोलायला पाहिजे. एवढंच.”

“पैसे नकोत असं बाहेर बोलू नका,” काकू म्हणाल्या. “लोक खरं मानतील.”

तेव्हा पुतणी मदतीला धावली. ती विम्याच्या कचेरीत काम करायची आणि फोनवरून जगातली कुठलीही वस्तू कुठेही हलवू शकते, असा घरात तिचा दरारा होता. तिनं काट्याचे सोळा फोटो काढले आणि लिलावाच्या साइटवर माहिती भरायला घेतली.

“सुरुवातीची बोली शंभर टाकते. म्हणजे लोक येतील. आणि काका, इथे राखीव किंमत विचारतायत. ती फक्त आपल्याला दिसते. तिथपर्यंत बोली गेली नाही तर वस्तू विकायचं बंधन नाही. सांगा, कमीत कमी किती आले तर द्याल?”

मिलिग्रॅमनी चष्मा काढला. “कमीत कमी म्हणजे?”

“म्हणजे याच्या खाली गेलं तर नाहीच द्यायचा, असा आकडा.”

“अगं, वस्तूची किंमत असते ती असते. किलो म्हणजे किलो. कमीत कमी किलो म्हणजे काय?”

पुतणीनं काकूंकडे बघितलं. काकूंनी छताकडे बघितलं.

मग मिलिग्रॅम कागद-पेन्सिल घेऊन बसले. पितळ, काच, अकीक, म्हाताऱ्याची मजुरी, स्वतःची मजुरी त्या त्या वर्षीच्या दरानं. दीड दिवस हिशेब चालला. आकडा निघाला एकवीस हजार सहाशे चाळीस. खरं तर त्यांनी तो काटा योग्य माणसाला पाच हजारांतही दिला असता, आणि समोरचा जरा गोड बोलला असता तर घरी पोचवूनही आले असते. पण साइटनं किंमत विचारली होती, आणि किंमत विचारल्यावर खोटी सांगायची ही त्यांच्या मते लबाडी होती. पुतणीनं आकडा भरला. लिलाव सात दिवसांचा, पुढच्या गुरुवारी दुपारी चार वाजता बंद होणार.

पहिले दोन दिवस घरात उत्सव होता. शंभराचे हजार झाले, हजाराचे चार हजार. त्रेसष्ट लोक काट्यावर लक्ष ठेवून आहेत, असं साइट सांगायची, आणि मिलिग्रॅम गल्लीतून असे चालायचे, की त्यातले निदान तीस जण याच गल्लीत राहत असावेत. फक्त प्रत्येक बोलीखाली लाल अक्षरांत एक ओळ उमटायची : राखीव किंमत अद्याप गाठलेली नाही.

नऊ हजार. अद्याप गाठलेली नाही. अकरा हजार. अद्याप गाठलेली नाही. चौथ्या दिवशी बोली बारा हजारांवर येऊन बसली ती बसलीच. लक्ष ठेवणारे त्रेसष्टचे एकवीस झाले. एकानं जाताजाता खाली लिहिलं, ‘विकायचा आहे, की फुकटात किंमत काढून घ्यायची आहे?’

हे वाक्य मिलिग्रॅमना झोंबलं. दिवसभर ते अधूनमधून म्हणत राहिले, “फुकटात? मी?”

“काका, त्यांचंही चूक नाही,” पुतणी म्हणाली. “त्यांना भिंत दिसतच नाही. नुसतं डोकं आपटल्याचं कळतं. दोनदा आपटलं, तीनदा आपटलं, की माणूस दुसऱ्या गल्लीत जातो.”

“पण भिंत खरी आहे.”

“असेल. पण दिसत नाही ना.”

पाचव्या दिवशी एक नवी बोली आली. चौदा हजार. मग त्याच नावानं पंधरा, सोळा, साडेसतरा. बाकी सगळे केव्हाच निघून गेले होते. ती बोली लावणारी एकटीच पुढे पुढे येत होती, आणि तिच्यासमोर मिलिग्रॅमच्या आकड्याशिवाय दुसरं कुणीच नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला. पुतणीनं मोठ्यानं वाचला :

‘मी शाळेत रसायन शिकवते. आमची मुलं बटण दाबतात आणि आकडा वहीत उतरवतात. तोलणं म्हणजे काय, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं असं वाटतं. माझ्याकडे एकोणीस हजार आहेत, ते माझे स्वतःचे. तुमची राखीव किंमत त्याहून जास्त असेल तर कृपया सांगा, म्हणजे मी मुलांना उगाच आशा लावणार नाही.’

मिलिग्रॅम उभे राहिले. परत बसले. “हीच,” ते म्हणाले. “हीच बाई. हिलाच द्यायचा.”

“मग सोपं आहे!” पुतणीनं फोन पुढे केला. “लिलाव चालू असतानाही राखीव किंमत खाली आणता येते. इथे अठरा टाकते. तिची बोली आली की काटा तिचा.”

मिलिग्रॅमनी तिचा हात धरला.

त्यांच्या धंद्यात एक नियम होता, आणि म्हाताऱ्यानं तो पहिल्याच दिवशी कानाला धरून शिकवला होता. पारड्यात माल चढला की वजनांना हात लावायचा नाही. चुकीचं वजन लावलं असेल तर माल उतरवायचा, काटा थांबवायचा, मग वजन बदलायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तोलायचं. गिऱ्हाईक समोर असताना, माल पारड्यात असताना, जो वजनाला बोट लावतो तो चोर. भलं करायला लावलं तरी चोर.

“अहो, पण तिच्याच फायद्यासाठी!” काकू ओरडल्या.

“बारा हजारांवर जे निघून गेले, त्यांना सांगितलं का आपण, की किंमत उतरणार आहे?”

“त्यांना कोण विचारतंय? त्यातल्या एकानं तुम्हाला भामटा म्हटलंय!”

“म्हणून आता होऊ?”

“बरं, नका उतरवू. तिला आकडा तरी सांगा.”

“एकीला सांगायचा आणि बाकीच्यांना नाही?”

काकूंनी कपाळावर हात मारला. “बाई, हा माणूस देवानं तोलून केला आणि अक्कल पारड्यातच विसरला.”

मिलिग्रॅमचा बेत तसा सरळ होता. उद्या चार वाजता लिलाव बंद होईल. माल उतरला. मग कुणाचाच कुणावर हक्क नाही. चार वाजून एक मिनिटानं त्या बाईला निरोप धाडायचा, की या आणि घेऊन जा, जमतील तेवढे द्या. त्या बाईसाठी लाकडी खोका करायलाही त्यांनी घेतला. पुतणीनं साइटवर उत्तर लिहिलं, ‘राखीव किंमत सांगता येत नाही, क्षमस्व,’ आणि लिहिताना तिचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं.

गुरुवारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी बाईची शेवटची बोली आली. एकोणीस हजार. लाल ओळ तशीच. चार वाजले. वस्तू विकली गेली नाही. चार वाजून एक मिनिटानं पुतणीनं निरोप धाडला.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. ‘तुमचा काटा फार सुंदर होता. काल तुमचा लिलाव संपल्यावर मी लगेच दुसऱ्या एका लिलावात उतरले. तिथे राखीव किंमत नव्हती. काटा साधाच आहे, पण आपण जिंकतोय की नाही, हे तिथे निदान कळत होतं. पैसे भरून टाकले. तुमचा निरोप त्यानंतर बघितला. तो आधी आला असता तर बरं झालं असतं.’

मिलिग्रॅमनी तो निरोप स्वतः वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग विचारलं, “किती वाजता भरले म्हणते?”

“ते नाही लिहिलं, काका.”

महिना संपायला आठ दिवस उरले होते. घरमालकाचा माणूस टेप घेऊन जिना मोजून गेला. पुतणीनं काटा पुन्हा लिलावाला टाकला, या वेळी राखीव किंमत न ठेवता. “आता लोक भांडतील बघा,” ती म्हणाली. “स्वस्त दिसलं की चार जण येतात, चार जण आले की कुणीच मागे हटत नाही.”

ते खरंही ठरलं असतं. पण ती गर्दी आदल्या आठवड्यातच येऊन गेली होती. जी वस्तू मागच्या गुरुवारी एकोणीस हजारांनाही दिली नाही, ती या आठवड्यात शंभरापासून का? पडली असेल. दांडी वाकली असेल. एकानं तसं विचारलंही. मिलिग्रॅमनी पुतणीकडून सव्वा पानाचं उत्तर लिहवून घेतलं, दांडी कशी तपासायची ते आकृतीसकट. ते वाचून तो जो गेला तो परत आलाच नाही. शेवटी दोघंच उरले, आणि त्यातल्या एकाला झोपताना वाचायला घ्यावं तसं अधूनमधून बोली लावायची सवय असावी. काटा गेला तेवीसशेला.

“रद्द करू, काका,” पुतणी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “दंड भरू. होऊ दे.”

“त्यानं प्रामाणिकपणे बोली लावली आहे,” मिलिग्रॅम म्हणाले.

घेणारा शनिवारी सकाळी गाडी घेऊन आला. हसरा, चटपटीत, हॉटेलांची सजावट करणारा. पेटी बघून त्यानं टाळी वाजवली. “एक नंबर! हिच्यात अत्तराच्या बाटल्या ठेवायच्या, आतून दिवा सोडायचा. काका, आतलं ते मशीन तेवढं काढून द्याल? ते मला नकोय. तुम्हीच ठेवा.”

मिलिग्रॅमनी त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादा शब्द परक्या भाषेतला असावा तसं.

“वेळ लागत असेल तर राहू द्या,” तो घाईनं म्हणाला. “माझा माणूस पक्कड घेऊन काढेल.”

“नको,” मिलिग्रॅम म्हणाले. “मी काढतो.”

दोन तास लागले. प्रत्येक तार त्यांनी वेगळ्या कागदात गुंडाळली. अकीक धारेवरून दांडी उचलताना श्वास रोखून धरला. सजावटवाला दारात उभा राहून फोनवर बोलत होता. मध्येच वळून त्यानं सल्लाही दिला. “काका, मी मागच्या आठवड्यात पण बघितला होता हा. तीन हजारांपर्यंत आलो, आणि ती लाल ओळ बघून पळालो. म्हटलं, कोण त्या फंदात पडणार! पुढच्या वेळी राखीव-बिखीव काही ठेवू नका.” पेटी उचलून गाडीत ठेवली, नमस्कार केला आणि गेला. चांगला माणूस होता. तेच वाईट होतं.

साइटनं विचारलं, खरेदीदाराला किती तारे द्याल? मिलिग्रॅम म्हणाले, “वेळेवर आला. पैसे आधी भरले. पाच दे.” पुतणीनं पाच दिले आणि फोन पर्समध्ये टाकला.

दगडी फळीवर दांडी, पारडी आणि खांब पडले होते. काकूंनी हळूच विचारलं, “घरी नेऊ या ना? कपाटात ठेवू.”

“पेटीशिवाय तो काटा नाही. कुणी नुसता श्वास सोडला तरी हलेल. पितळ आहे ते आता.”

“नका हो असं बोलू.”

“पितळच आहे,” ते म्हणाले, आणि कागद सोडवून सगळं त्यांनी पिशवीत ओतलं. त्या आवाजानं काकूंनी डोळे मिटले.

कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यानं पिशवी हातात तोलून बघितली आणि सगळं त्याच्या बटणाच्या काट्यावर पालथं केलं. आकडे धावले, थांबले. “एक किलो आठशे,” तो म्हणाला. त्याच्या काट्याचा एक पाय विटेच्या तुकड्यावर होता आणि दुसरा मातीत रुतला होता. ते काकूंच्यासुद्धा लक्षात आलं. त्यांनी नवऱ्याची बाही ओढली.

“अहो, बघा तरी. त्याचा काटा तिरका उभा आहे.”

“असू दे,” मिलिग्रॅम म्हणाले, आणि रस्ता ओलांडायला लागले.