खातं बदललंय म्हणे

दिवाळे गावात खाडीच्या काठाला आम्ही तिघं राहत होतो बघा: मी म्हातारी, माझी लेक सुनंदा आणि जावई भास्करराव. एक घर घ्यायला निघालो नि किस्से एवढे जमले, की सामानाआधी तेच न्यावे लागले.

*

घर कामोठ्यात, एका काका-काकूंचं. ते विकून लेकाकडं चिपळूणला चालले होते. बघायला गेलो तर पुरुषमंडळी हॉलमध्ये घराच्या किमतीवर बोलत बसली, आम्ही बायका किचनमध्ये. सुनंदानं सुके बोंबील नेले होते. काकूंनी पिशवी हुंगली, म्हणाल्या, "सोसायटीत वास चालत नाही हो." मग हळूच खिडकी लावली नि दोन तव्यावर टाकले!

निघायच्या आधी किचनमध्येच सुनंदानं नि काकूंनी एकमेकींचे नंबर घेतले.

*

कर्ज बँकेनं दिलं, पण आपला वाटा भरायला माझ्या मालकाची, म्हणजे सुनंदाच्या बापाची, होडी विकावी लागली. घेणारा पैसे जावयांच्या हातात द्यायला लागला, तसे जावई मागं सरले. आम्हा कोळ्यांत मासळी पुरुष आणतो, पैसा बाई सांभाळते.

"तिकडं द्या," म्हणाले. "मी नुसता सहीपुरता हाय."

पैसे सुनंदाच्या खात्यात गेले. तेवढेच होते. ते बुडाले असते तर होडीही नाही नि घरही नाही.

*

रजिस्ट्रेशन जवळ आलं. एका सकाळी जावयांच्या फोनवर आमच्या वकिलाच्या नावानं मेसेज, त्याच्या फोटोसकट. काकांचं खातं बदललंय, दुपारच्या आत नव्या खात्यात पैसे टाका, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. जावई घामाघूम. सुनंदाला म्हणाले, टाक लवकर.

ती म्हणाली, "थांबा, काकूंना सांगते."

"काकूंचा काय संबंध? पैसे काकांना जायचेत."

"एवढे पैसे त्यांच्या घरात चाललेत, नि घरच्या बाईला नको सांगायला?"

किचनमध्ये घेतलेल्या त्या नंबरावर तिनं फोन लावला. काकू म्हणाल्या, "अगं, खातं आमच्या दोघांचं आहे. बदललं असतं तर माझी सही लागली असती की."

जावई भिंतीला टेकून खाली बसले. घाबरलेल्या माणसाला काय बोलायचं? मी चहा ठेवला.

*

संध्याकाळी जावयांच्या फोनवर त्या लबाडाचाच फोन. सुनंदानं उचलला. "मॅडम, पैसे निघाले का?"

सुनंदा म्हणाली, "निघाले होते. वाटेत काकू भेटल्या."

फोन कट!

*

खरा वकील दुसऱ्या दिवशी स्वतः आला, तोंड पार उतरलेलं. त्याचा ईमेल फोडून कोणीतरी आमचा सगळा व्यवहार वाचत होतं. आमच्याबरोबर पोलिसांत आला, तक्रार दिली. मला म्हणाला, "आजी, यापुढं खाते नंबराचा मेसेज माझ्या नावानं आला तरी मानू नका. आधी माणसाशी बोला."

मी विचारलं, "मग तुमची फी कुठल्या खात्यात टाकू?"

बिचारा तेव्हा कुठं हसला.

*

रजिस्ट्रेशनच्या दिवशी सगळे समोरासमोर बसलो. वकील म्हणाला, आधी एक रुपया पाठवा, पोचला की बाकीचे. सुनंदानं पाठवला. काकूंचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून बघितलं, पदराची गाठ सोडली नि घराची चावी सुनंदाच्या हातात ठेवली.

काका गडबडले. "अगं, एकच रुपया आलाय."

"येतील बाकीचे," काकू म्हणाल्या. "पोरीनं फोन केला होता."