शेकड्यावरच्या पाच जुड्या

रंगनाथ गुरुजींना गणित येत होते. मुलांना ते का येते आणि का येत नाही, हे मात्र वीस वर्षे शिकवूनही उमगत नव्हते. द्वारका चौकाजवळच्या आपल्या शाळेत त्यांनी छडी धरून पाहिली, छडी टाकून पाहिली. उपाशी लेकराला आपल्या डब्यातली भाकरी दिली, मागच्याला पुढे बसवले. कोणी फुलले, कोणी मिटले. का, ते एका नारायणाला ठाऊक.

१९९६च्या एप्रिलात सातवीतली हर्षाली गणितात नापास झाली. जूनमध्ये फेरपरीक्षा होती. तिची आई चतुराबाई मळ्यातली मेथी बाजारात विकायची. तिने बजावले, "गुरुजी, आता बी नापास झाली तर शाळा बंद. खुरपं वाटच बघतंय."

गुरुजी पेपर घेऊन बसले. एका गोणीत शंभर जुड्या, तर सात गोण्यांत किती? हर्षालीचे उत्तर: सातशे पस्तीस. जुड्यांची सारी उदाहरणे चुकलेली, आणि सारी एकाच रीतीने चुकलेली. चूक इतकी शिस्तीने कशी चालेल, देवा?

सकाळी ते बाजारात गेले. चतुराबाई पाच-पाच जुड्या उचलून मोजत होती. "लाभ, दोन, तीन..." पहिल्या खेपेला एक म्हणायचे नाही, लाभ म्हणायचे. विसाव्या खेपेला शंभर भरले, तरी तिने आणखी पाच वर टाकल्या.

"या कसल्या?"

"शेकड्यावर पाच देत्यातच की. एवढं बी ठाऊक नाय, अन् गणित शिकवता?"

गुरुजी हसले आणि आईशेजारी गोणी धरून बसलेल्या हर्षालीकडे वळले. "पुस्तकातल्या शंभरावरही पाच धरल्यास होय गं?"

"नुसत्या शंभर दिल्यावर गिऱ्हाईक पुन्हा येईल का, सर?"

"पुस्तकात गिऱ्हाईक नसते, बाळ."

ती विचारात पडली. "मग जुड्या कोणासाठी मोजायच्या?"

हर्षालीच्याच वर्गातली, शेजारच्या मळ्यातली प्रतिभा याच मोजणीत वाढली होती, आणि तिने सरळ सातशे लिहिले होते. पुस्तकात वरच्या पाच धरायच्या नाहीत, हे तिला कोणी सांगितले होते? तेही गुरुजींना ठाऊक नव्हते.

महिनाभर ते हर्षालीला घेऊन बसले. जुड्यांच्या जागी विटा मांडल्या, मग पुन्हा जुड्या. फेरपरीक्षेत ती अडतीस गुण मिळवून पास झाली. चतुराबाईने त्यांच्या पिशवीत मेथी भरली आणि खुरपे स्वतःच्याच कमरेला खोचले.

गुरुजींनी तिचा नवा पेपर पाहिला. शेकड्याचे एकही उदाहरण चुकले नव्हते. वर्तुळाची मात्र सगळी चुकली होती, आणि सगळी एकाच रीतीने. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पुन्हा बाजाराच्या वाटेला लागले.