खंडेनवमीचा ठिपका

महेश्वर नेमकं काय काम करतो, हे गल्लीत कुणालाच नीट सांगता यायचं नाही. कुणी विचारलंच, तर त्याची आई शरणम्मा म्हणायची, "कॉम्प्युटरला चित्र काढाय शिकवतंय की!" महेश्वरलाही त्यात खोट काढता येत नसे. कॉम्प्युटरच्या पोटातलं चित्र पडद्यावर नेऊन पोचवणारा जो प्रोग्राम, त्याला म्हणतात ड्रायव्हर. त्याच्या चुका काढायच्या, त्याला पळता करायचं, हे त्याचं पोटापाण्याचं काम. वडील चादरीच्या मागावर होते. हा घरात बसून परदेशातल्या कंपनीचा ड्रायव्हर विणायचा.

शरणम्माचे गुडघे धरल्यापासून ती देवळातली आरती घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बघायची. पण ताट ओवाळायला लागलं की चित्र मधोमध फाटायचं. देवाचे डोळे एकीकडं, हनुवटी भलतीकडं.

"देवाला लचक भरली की रं," ती म्हणायची.

अशी जुनी यंत्रं कंपनी आता वाऱ्यावर सोडणार होती. आज संध्याकाळपर्यंत बिनचूक दुरुस्ती हाती आली, तरच ती कंपनीच्या यादीत राहणार. महेश्वरनं हे काम हट्टानं मागून घेतलं होतं. पहिलं चित्र पडद्यावर पुरतं उतरायच्या आतच ड्रायव्हर दुसरं पुढं ढकलत होता. त्याला थांबवावं, तर सगळंच रेंगाळायचं. आज सकाळी घरच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन्ही जमलं. चित्र फाटेना, वेगही वाढला. खुशीत तो आंघोळीला गेला.

येऊन बघतो, तर पडद्याच्या वरच्या अंगाला एक तांबडा ठिपका!

त्यानं पडद्याची छबी काढून आपल्या लॅपटॉपवर पाहिली. छबीत ठिपका नाही. म्हणजे चित्र चांगलं, घाण वाटेत लागतेय. आणि वाट म्हणजे ड्रायव्हर! नवी दुरुस्ती काढून टाकली, तरी ठिपका जागचा हलेना. लॅपटॉपसमोर बसून, समोरच्या टेबलावरच्या त्या पडद्याकडं बघत त्यानं सगळा ड्रायव्हर उलथापालथा केला. शेवटी हात टेकले आणि 'जमलं नाही' असं कंपनीला लिहायला घेतलं.

"अहो, पानं वाढलीत," बायको अंकिता दारातून म्हणाली. मागून शरणम्मा आली.

"काय बघायलास रं एवढं?"

"त्यो लाल ठिपका, अव्वा. काय केल्या जाईना."

"जाईल कसा? मी लावलाय की त्यो! खंडेनवमी हाय आज. तुझ्या बाच्या मागाला दरसाल हळदीकुंकू लावत हुते, तुझ्या मागाला नको व्हय?"

महेश्वरनं उठून पडद्याकडं बोट नेलं. अंकिताला हसू आवरेना. "एवढा ड्रायव्हर उसवलात, एकदा बोट तरी लावून बघायचं!"

"आता लावू नको," शरणम्मानं दटावलं. "पूजेचं कुंकू हाय. दसऱ्याला पूस."

त्यानं लिहिलेलं खोडलं, दुरुस्ती परत बसवली, पाठवून दिली आणि जेवायला बसला. दिवेलागणीला कंपनीचा होकार आला. जुनी यंत्रं यादीत राहिली.

शरणम्मानं आरती लावायला सांगितली. ताट फिरलं, ज्योत फिरली. देवाचं मुख अखंड. पुजारी वाकला, तसं कुंकू नेमकं त्याच्या टकलावर आलं.

"लचक गेली की रं देवाची," शरणम्मा हात जोडून म्हणाली. "अन् पुजाऱ्याचीबी पूजा झाली."